धुक्यापलीकडचं पत्र

एका राज्यात, नाव कशाला विचारता, हेमकळा नावाची राणी रोज संध्याकाळी सज्जात उभी राहून धुक्याला हाका मारीत असे. धुक्यात तिचा राजा होता. धूमकेश जादूगाराला मारायला मेघध्वज राजा नदीपार गेला. जादूगार मेला, पण मरता मरता नदीवर धुकं सोडून गेला. त्या धुक्यात राजा वाट चुकला तो चुकलाच. राणीची हाक नदीच्या मध्यावर जाऊन विरे. तीन वर्षं झाली, तरी पंगतीत राजाचा पाट रोज मांडला जाई.

एके सकाळी एक धनेश पक्षी चोचीत पत्र घेऊन सज्जावर उतरला.

"राणी, हे राजानं लिहिलं. पण शाप असा, की अक्षरं दिसतील ती फक्त राजकन्येला. तिनं स्वतःच वाचावं. चुकली, की एक ओळ पुसेल. नीट वाचील, तर तिचा आवाज धुक्यापार जाईल."

"ओळी किती?"

"तीन."

राजकन्या बकुळा पाच वर्षांची, आणि अक्षराशी तिची ओळख नाही! राणीनं पत्र उलटसुलट करून पाहिलं. तिला तो कोरा कागद. राजाचा हात ज्यावर फिरला, तो कागद तिनं गालाशी धरला आणि रडली.

मग राणीनं घाई केली. एका महिन्यात बकुळा घडाघडा म्हणू लागली: क कमळाचा, ग गवताचा, ब बदकाचा. दरबार खूश. पत्र उघडलं. पोरीनं पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं आणि ठणकावून म्हणाली, "गवत!" पत्रातून गवत उगवलं. "बदक!" बदक बाहेर पडलं आणि प्रधानजींच्या पगडीवर जाऊन बसलं. झालं! पहिली ओळ पुसली गेली.

"तिला गाणं शिकवलंस," धनेश म्हणाला, "आवाज कुठे शिकवलास?"

राणी वरमली. दुसऱ्या खेपेला तिनं एकेका अक्षराचा आवाज शिकवला, जोडायलाही शिकवलं. बकुळानं सुरुवात तर छान केली. पण पहिल्याच शब्दात अडली. विचार करता करता तिचं बोट आईच्या तळहातावर फिरलं, पत्रातल्या अक्षरासारखंच. राणीला ते वळण कळलं. राजा ल असाच काढायचा, शेपटी लांबवून! तिच्या तोंडून निसटलं, "ल!"

दुसरी ओळही गेली.

"मला येत होतं गं आई," बकुळा हुंदके देत म्हणाली. "तू थांबली का नाहीस?"

तीन वर्षं थांबून थांबून राणी थकली होती.

पण त्या दिवसापासून ती थांबायला शिकली. ताटात बारीक वाळू पसरायची, मायलेकींनी बोटानं गिरवायचं. ह म्हणजे गारठलेल्या तळहातावर सोडलेला ऊन श्वास. म म्हणजे ओठ मिटून गोड घास. र म्हणजे फिरतं जातं. पोर अडली की राणी खिडकीबाहेर बघे आणि मनात शंभर मोजे. कधी शंभर संपत, तरी बोलत नसे. पावसाळा गेला, हिवाळा गेला.

मग एका सकाळी बकुळाच म्हणाली, "आई, तू बाहेर बस."

राणी दाराबाहेर बसली, तोंडात पदराचा बोळा कोंबून. आतून आवाज आला, "ह... हा..." मग काहीच नाही. कितीतरी वेळ काहीच नाही. राणीच्या ओठावर क आला होता, तो तिनं गिळला.

"हा...क. हाक!" आतून पोर ओरडली. "म... मा... मार. हाक मार!"

मग ती धावतच सज्जात गेली आणि तिनं हाक मारली, "बाबा!"

धुकं मधोमध फाटलं. पलीकडच्या काठावर एक दाढी वाढलेला माणूस मान वर करून उभा राहिला, आणि आवाजाच्या रोखानं पाण्यात उतरला.

राजा ओलेत्यानंच वाड्यात आला. बकुळा त्याच्या कडेवर चढली. राणी मात्र मान खाली घालून उभी राहिली.

"महाराज, दोन ओळी माझ्या हातून पुसल्या गेल्या. काय होतं त्यांत?"

"त्या तुझ्यासाठीच होत्या, हेमकळे. पोर वाचून दाखवील, असं वाटलं होतं." राजा रोज मांडलेल्या त्या पाटावर बसला. "बस. आता तोंडानंच सांगतो."

तो सांगू लागला. दोनच ओळी होत्या, पण सांगता सांगता पानातला भात निवून गेला, आणि कुणी तो गरम करायला उठलं नाही.