रंगवहीचे दुसरे पान

डोंगरांच्या पलीकडे, जिथे सकाळ आधी फुलांवर उतरते आणि मग माणसांच्या कौलांवर, तिथे चितारपूर नावाचे एक चिमुकले नगर होते. त्या नगरात मुलांसाठी रंगवह्या तयार होत. रंगवहीच्या डाव्या पानावर नुसत्या रेघांचे चित्र असे. ते मुलांनी रंगवायचे. उजव्या पानावर कोऱ्या ओळी असत; तिथे त्या चित्राची गोष्ट मुलांनीच रचून लिहायची. दूरदूरच्या राजांची मुले त्या वह्यांची वाट पाहत असत.

या वह्या शिवणाऱ्या भागीरथीची मुलगी बकुळा. तिने मात्र आजवर एकही चित्र रंगवले नव्हते. मथुराबाईंच्या कारखान्याचा नियमच तसा होता. कोऱ्या पानावर बोट उमटले तरी वही बाद, आणि वही बाद झाली की शिवणारीच्या घरी त्या दिवशी चूल पेटायची नाही. म्हणून बकुळा अगदी लहान असल्यापासून, हात पाठीमागे बांधून पानांकडे पाहायला शिकली होती.

पुढे भागीरथीची नजर मंदावली. सुईत दोरा बकुळा ओवून देई आणि टाके आई बोटांनी चाचपून घाली. एके दिवशी एक टाका चित्रातल्या हरणाच्या पोटातूनच गेला. मथुराबाईंनी वही उचलून धरली.

"हे काय गं, भागीरथी? हरणाला टाके घातलेस? वैद्यकी कधी शिकलीस?"

"चुकलं, बाई."

"पौर्णिमेपर्यंत ठेवते. तोवर नीट दिसू लागलं तर ठीक, नाहीतर घरी बैस. मी काही धर्मशाळा उघडलेली नाही."

त्या संध्याकाळी बकुळा कारखान्यामागच्या बागेत गेली. झाडावरचे फूल तोडायला तिथे मनाई होती. गळलेले फूल मात्र कुणाचेच नव्हते. तिने पारिजातकाचे इवले इवले केशरी देठ वेचले, गोकर्णीच्या निळ्याभोर पाकळ्या वेचल्या, झेंडूचा पिवळा चुरा गोळा केला आणि करवंट्यांत वेगवेगळे रंग कुटले. एका गुळगुळीत दगडावर तिला एक चित्र काढायचे होते. आयुष्यातले पहिले आणि फक्त स्वतःचे.

इतक्यात तगरीच्या पानाआड कुणीतरी मुसमुसले. तिथे ओंजळीत मावेल एवढी एक नाजूकशी परी बसली होती. तिच्या पंखांना आकार होता, पण रंग नव्हता. नुसत्या रेघाच होत्या.

"अशा पंखांनी मला उडता येत नाही," परी म्हणाली. "वारा आरपार निघून जातो."

बकुळेने आपल्या दगडाकडे पाहिले, करवंट्यांकडे पाहिले, आणि सगळे रंग परीच्या पंखांवर रिते केले. एक पंख केशरी झाला, एक निळा, आणि कडांना पिवळी झळाळी आली. दगड कोराच राहिला.

परीने तिला एक लहानशी रंगवही दिली. तिच्यात दोनच चित्रे होती. पहिल्या पानावर फळांनी लगडलेले झाड, आणि दुसऱ्यावर मिटल्या डोळ्यांच्या स्त्रीचा चेहरा.

"चित्र रंगव आणि समोर त्याची गोष्ट लिही," परी म्हणाली. "ज्याची गोष्ट लिहिशील, त्याला ते मिळेल. पण नीट ऐक. शब्द आपले स्वतःचे हवेत. उसने आणले तर दिवेलागणीला सारे विरून जाईल आणि जवळचेही घेऊन जाईल. आणि एक पान एकदाच. खोडायचे नाही, पुसायचे नाही."

बकुळेने पुन्हा गळलेली फुले वेचून झाड रंगवले आणि समोर लिहिले, "आमच्या आळीतल्या मुलांना दुपारी भूक लागते, तेव्हा ती झोपल्याचे सोंग करतात. हा पेरू त्यांच्यासाठी." सकाळी दाराशी पेरूचे झाड उभे होते, पोपटी पानांचे आणि गुलाबी गराच्या फळांचे. आळीतली मुले पोटभर जेवल्यासारखी हसली.

पण दुसरे पान उघडले की बकुळा लगेच वही मिटून ठेवी. झाडाचे एखादे पान रेघेबाहेर गेले तरी चालते. हे तर आईचे डोळे. कोऱ्या पानाचे भय तिच्या हाडांत मुरलेले होते. ती दगडांवर सराव करी, भिंतीवर सराव करी, केळीच्या पानावर करी.

"अगं, रंग बाहेर गेला तर जाऊ दे," आई म्हणे. "तिरळे डोळे चालतील मला."

"नको आई. उद्या अगदी नीट काढते."

असे पुष्कळ उद्या गेले. पेरूच्या झाडाची वार्ता मात्र थांबली नाही. पौर्णिमेच्या सकाळी मथुराबाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

"ही वही कुठली?"

"बागेतल्या परीनं दिली, बाई."

"परीनं? माझ्या बागेतली परी, म्हणजे वहीसुद्धा माझीच." त्यांनी वही उचलली आणि त्या वळल्या.

"बाई, तुम्ही पेरूचं झाड घ्या," बकुळा त्यांच्या मागे धावली. "ते पान माझ्या आईच्या डोळ्यांचं आहे."

"मग इतके दिवस अंडी उबवत बसली होतीस का?"

वही घेऊन त्या निघून गेल्या.

मथुराबाईंना रूप हवे होते, गेलेले तारुण्य हवे होते. त्यांनी नगरातल्या शाळेच्या मास्तरांना बोलावले. मास्तरांनी चित्रातला चेहरा सुबक रंगवला. एक ठिपकाही रेघेबाहेर गेला नाही. मग दरवर्षी साऱ्या शाळेला ते जी वाक्ये घालून देत, तीच त्यांनी सांगितली आणि मथुराबाईंनी आपल्या नावासकट उतरवून घेतली: "मुख चंद्रासारखे. नेत्र कमळासारखे. कांती सोन्यासारखी." दुपारभर मथुराबाई आरशासमोर झळझळत होत्या. दिवेलागण झाली आणि गालांवरचे सोने उतरले, ओठांवरची लाली उतरली. मागोमाग त्यांचा मूळचा रंगही उतरला. चेहऱ्याच्या जागी उरल्या नुसत्या रेघा. वहीचे पान राखेसारखे करडे झाले.

त्याच दिवेलागणीला, घरातल्या दिव्याच्या उजेडात, भागीरथीने हात पुढे करून विचारले, "बकुळे, दिवा लावलास का गं?" तिची नजर पुरती गेली होती.

बकुळा रडत बागेत आली. परीने सारे ऐकून घेतले. "पान परत करता येत नाही," ती म्हणाली. "पण माझ्या पंखांवरचा रंग तूच दिलेला आहे. त्यातला ओंजळभर देते. कुठल्याही एका चेहऱ्याचे गेलेले परत आणायला पुरेल."

रंगाने लखलखणारी ओंजळ सांभाळीत बकुळा घराकडे निघाली. वाटेत मथुराबाईंच्या पायरीवर त्यांची धाकटी छबू गुडघ्यांत मान घालून बसली होती.

"छबू, घरात जा."

"घरात आई नाही. आईचा आवाज आहे, पण आई नाही. मला भीती वाटते."

बकुळा पुढे गेली आणि थांबली. तिची आई आंधळी होती. पण आई होती. ती मागे वळली, आत गेली आणि सारा रंग मथुराबाईंच्या चेहऱ्याला लावला. छबू धावत येऊन आईच्या कुशीत शिरली. मथुराबाईंनी आधी आरसा उचलला.

"नाकापाशी जरा फिकट राहिलं," त्या म्हणाल्या. "आणि हे बघ, उद्यापासून तुझ्या आईला पाठवू नकोस. पौर्णिमा झाली."

रित्या हातांनी बकुळा पुन्हा परीसमोर येऊन उभी राहिली. "मी चूक केली का?"

"आईला विचारशील तर हो," परी म्हणाली. "छबूला विचारशील तर नाही. आईचे डोळे परत देणे आता माझ्या हाती नाही. पण तुझे मन मी पाहिले. त्याचे मोल म्हणून एवढेच देते. तू जे आपल्या शब्दांत सांगशील, ते तुझी आई पाहील. सांगणे थांबले की पुन्हा काळोख. आणि सांगितलेले खरे हवे. खोट्याचे चित्र उमटणार नाही."

एवढे बोलून तिने केशरी पंख हलवला, मग निळा. तगरीचे झाड आतून उजळले, आणि त्या शुभ्र लखलखाटात परी नाहीशी झाली.

बकुळा घरी आली आणि आईचा हात धरून सांगू लागली. "दाराशी पेरू आहे. एक पान किड्यानं खाल्लंय, त्या भोकातून चांदणं खाली पडलंय, अगदी बटणाएवढं."

"दिसलं," आई म्हणाली. "बटणाएवढंच आहे गं." मग तिने बकुळेचा हात घट्ट धरला. "आता मला तू दाखव. किती दिवसांत पाहिलं नाही तुला."

"मी ना आई, छान आहे. गाल गुबगुबीत आहेत. परकर नवा आहे."

"काळोखच आहे."

"केसांना तेल आहे, वेणीत फूल आहे."

"बकुळे, काहीच दिसत नाही."

 मग हळूहळू, एकेक शब्द शोधून, बकुळेने सांगितले. गालांची हाडे वर आली आहेत. परकराला तीन ठिगळे आहेत, तिन्ही वेगळ्या रंगांची. ओठ फुटले आहेत. डोळ्यांखाली काळे आहे, कारण रात्री झोप येत नाही.

आईने दोन्ही हातांनी तिचा चेहरा धरला आणि पुष्कळ वेळ पाहत राहिली.

"थांबू का, आई?"

"नको," आई म्हणाली. "सांगत राहा."