एका ताऱ्याच्या वकीलबाई

ऐका बायांनो, गोष्ट आजकालचीच आहे. एका शहरात दयार्णव घोलप नावाचे गृहस्थ इंटरनेटवर घटस्फोटाच्या वकिलांची यादी चालवत. वकील पारखून मगच ते यादीत घेत, आणि यादीत नसलेल्या वकिलाकडे हल्ली कोणी फिरकत नसे.

हेमलता पेंढारकर वकीलबाई यादीत नाव घालायला घोलपांच्या कचेरीत गेल्या. संकष्टी होती, म्हणून चहाबरोबरची बिस्किटं त्यांनी बाजूला सारली.

घोलपांनी कॉम्प्युटर त्यांच्याकडे वळवला. "बाई, इंटरनेटवर तुम्हाला एकच तारा! लोक काय लिहितात बघा. 'या बाईने मला पोटगी द्यायला लावली.' 'मुलगी आईकडेच राहिली.' कसं घ्यायचं तुम्हाला?"

"अहो, हे सगळे समोरच्या बाजूचे नवरे. मी त्यांच्या बायकांची वकील होते. त्या बिचाऱ्या असलं चारचौघांत लिहीत नाहीत."

"आम्ही दोन्ही बाजूंचं मत घेतो. आमचे पहिल्या नंबरचे कुडतरकर बघा. केसेस बायकांच्याच घेतात, तरी नवरेसुद्धा त्यांना पाच तारे देतात!"

हेमलताबाई शांतपणे म्हणाल्या, "घोलपसाहेब, उद्या तुमच्या बहिणीवर वेळ आली, तर तिच्या नवऱ्याला एवढा आवडणारा वकील तुम्ही तिला द्याल का?"

घोलपांनी कॉम्प्युटर परत स्वतःकडे वळवला.

यादीत हेमलताबाईंचं नाव लागलं, पण अगदी तळाला, नवऱ्यांच्या सगळ्या तक्रारींसकट. तेव्हापासून शहरातल्या बायका ती यादी खालून वाचू लागल्या.

हेमलताबाईंना गणराय पावले, तसे अडलेल्या प्रत्येकीला पावोत.