तिसरा ठोका किती मागं

“मग नाही म्हणायचं कारण तरी काय, आण्णा?” विक्रांतने पुन्हा विचारलं.

तायाप्पाआण्णा डोंगरावरच्या देवळाच्या कट्ट्यावर भिंतीला टेकून बसले होते. चाळीस वर्षं त्यांनी देवीच्या पालखीपुढे हलगी वाजवली. यंदा मनगट गेलं. भाकरीचा तुकडा मोडायलाही डावा हात लागत होता. पालखी तासाभरात पायऱ्या उतरणार होती, आणि पुढे वाजवायला कोणी नव्हतं.

विक्रांत त्यांचा शिष्य. सहा वर्षं शिकला, मग पुण्याला जाऊन गाण्यांचं संगीत करू लागला. आज तो ड्रम मशीन घेऊन आला होता.

“या बाजूला मशीन विजेवर स्वतः आवाज घडवतं. जुन्या पद्धतीनं. तापलं की सूर जरा हलतो त्याचा.”

“हलगीगत.”

“हो! आणि या बाजूला तुमचा हात आहे. मागं रेकॉर्ड केला होता ना, तोच. दोन्ही एकत्र वाजतं. बोटानं वाजवा, नाहीतर आपोआप चालू ठेवा. थकत नाही.”

“थकत न्हाई...”

विक्रांतने बटण दाबलं. देवळाचा मंडप दणाणला. फुलं निवडणारी गंगूबाई ओरडली, “आण्णा, मनगट बरं झालं की हो!”

आण्णा डोळे मिटून ऐकत राहिले.

“आवाज माझाच हाय.”

विक्रांतचा चेहरा फुलला.

“पर तिसरा ठोका मागं ऱ्हायचा माझा.”

“तोच तर! दर वेळी उशिरा. कधी थोडा, कधी फार. एकेक धरून जागेवर बसवला. दोन दिवस लागले.”

“चाळीस वर्सांत कुणी बोललं न्हाई बघ मला.”

“चूक नाही म्हणत मी, आण्णा...”

आण्णांनी कोपऱ्यातल्या नारळाच्या पोत्याकडे बोट दाखवलं.

“उचल. उजव्या खांद्यावर घे.”

विक्रांतने उचललं.

“आता पायऱ्या उतर. तिसऱ्या ठोक्याला खांदा बदलायचा. खांदेकरी बदलत्यात तसा.”

आण्णांनी बटण दाबलं, मशीन वाजू लागलं. विक्रांत उतरू लागला. एक, दोन... तिसरा ठोका पडला तेव्हा पोतं अजून मानेमागेच होतं. पुढच्या फेरीला त्याने घाई केली. पाय पायरीच्या कडेवर, पोतं हवेत, आणि ठोका पडून गेलेला.

पोतं सुटलं. नारळ टणाटण उड्या मारत खाली गेले.

“देवीच्या आधी नारळच निघालं गं!” गंगूबाई हसली.

विक्रांतने वाकून वाकून नारळ गोळा केले. वर आला तेव्हा गुडघा खरचटला होता.

“आण्णा, सहा वर्षं मी तुमच्या हाताकडेच बघत होतो.”

“व्हय. हात चांगला होता.”

आत शिंग वाजलं. चार खांदेकरी पालखीला लागले. त्यांतला एक म्हातारा होता, एक नवखा.

विक्रांत घाईने मशीनवर वाकला. “घेतो मागं, आण्णा. आत्ता घेतो. तिसरा ठोका मागं... पण किती? आकडा सांगा.”

आण्णा भिंतीला धरून उठले. मशीनचा पट्टा त्यांनी डाव्या हाताने त्याच्या गळ्यात घातला. आपोआप चाललेला ठेका बंद केला.

मंडपात एकदम शांतता झाली.

मग त्यांनी विक्रांतला खांद्याला धरून फिरवलं. तोंड पालखीकडे, पाठ पायऱ्यांकडे.

“आण्णा, मी पडेन...”

म्हाताऱ्या खांदेकऱ्याने श्वास घेतला. पालखी उचलली गेली.

“आकडा, आण्णा...”

“ह्यांस्नी इचार. मी आता बसतो.”