निंबाजीचं मत

एका गावात एक भोळा होता. बाकी सगळं गाव हुशार होतं, त्यामुळे त्याचा भोळेपणा लांबूनसुद्धा दिसायचा. त्याचं नाव निंबाजी आणि गावाचं नाव घोटवडी.

घोटवडीला एक नाद होता. दर रविवारी दुपारी शेवंताआक्काच्या चहाच्या हॉटेलात, मागच्या टेबलावर, 'मोहीम' चालायची. खेळ असा. एका पुस्तकात एक किल्ला असतो. किल्ल्यात राक्षस असतात. एक जण पुस्तक हातात धरून गोष्ट सांगतो, बाकीचे कागदावर शूरवीर होतात आणि बसल्या जागी लढतात. वार लागला की हुकला हे फासा ठरवतो. फासाही साधासुधा नाही, रावणाच्या दुप्पट तोंडांचा.

गोष्ट सांगायचे दामू मास्तर. ते शाळेत मराठी शिकवून रिटायर झाले होते, पण शिकवणं काही सुटलं नव्हतं. अप्पा कासार तलवारबहाद्दर व्हायचे. एरवी ते स्कूटरवरून तांब्याची भांडी विकत आणि कुत्रं दिसलं की पाय वर घेत. शेवंताआक्का चेटकीण व्हायची आणि एक डोळा गल्ल्यावर ठेवून चेटूक करायची.

निंबाजी दारात उभा राहून बघायचा. हॉटेलात म्हशीचं दूध घालायला यायचा आणि रविवारी परत जायचं विसरायचा. त्याला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. त्या टेबलाशी एक खुर्ची.

आता या मोहिमा कोण लिहायचं? तालुक्याच्या गावी इंदुमती खरात नावाच्या बाई होत्या, त्या. त्यांची 'वेताळटेकडी' घोटवडीनं इतकी खेळली होती की पुस्तकाच्या पानांना चहाचा रंग आला होता. मग एके दिवशी त्यांची नवी मोहीम आली, 'राखेची राणी'. गावानं तिची डोळ्यांत तेल घालून वाट बघितली होती. सगळ्यांनी ती खेळून संपवली, आणि संपल्या संपल्या सगळे नाराज झाले.

नाराज म्हणजे अगदी नाराज नव्हेत. आवडलीही होती. पण अप्पांचं म्हणणं, यातला अजगर बोलतो कशाला? 'वेताळटेकडी'तला अजगर निमूट गिळायचा. 'वेताळटेकडी' आली होती तेव्हा हेच अप्पा म्हणाले होते की हा अजगर नुसता गिळतोच, दोन शब्द बोलला तर काय बिघडेल? ते आता त्यांना आठवत नव्हतं. आक्काला बोलणारा अजगर पसंत होता, पण एवढ्या मोठ्या किल्ल्यात स्वयंपाकघर नाही याचा तिला मनापासून राग आला होता. "एवढे राक्षस खात्यात काय? वारा?" मास्तरांना भाषा आवडली होती, पण ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांनी त्यांची झोप उडाली होती.

निंबाजी मात्र दारात उभा राहून रडत होता. मोहिमेच्या शेवटी राणी किल्ल्याचं दार लावून घेते आणि आतून कडी वाजते, तिथं त्याला रडू फुटलं होतं. त्यानं आपल्या म्हशीचं नावसुद्धा राणी ठेवलं.

मास्तरांनी विचारलं, "काय निंबाजी, कशी वाटली मोहीम?"

"आवडली."

"आवडली म्हणजे?"

"म्हणजे आवडली."

अप्पांनी कपाळावर हात मारला. "अरे, हे काय मत झालं? ज्याला मत न्हाई त्याला हितं खुर्ची न्हाई."

"मत तर मी दिलं की अप्पा. मागच्या इलेक्शनला."

मास्तरांना दया आली. मास्तरांना दया आली की ते शिकवतात. म्हणाले, "निंबाजी, नुसतं आवडलं म्हणणारा माणूस अडाणी दिसतो. आधी दोन चांगल्या गोष्टी सांगायच्या. मग 'पण' म्हणायचं."

"पणच्या पुढं काय म्हणायचं?"

"पुढं काही सुचलं नाही तरी चालतं. 'पण' म्हणून मान हलवायची. लोक समजून घेतात."

"बरं. आता तसंच करतो."

दुसऱ्या दिवशी निंबाजीच्या चुलत्याकडे पाहुणे आले. चुलत बहिणीला बघायला आले होते. कांदेपोहे झाले, मुलगी आत गेली. मुलाच्या बापानं सहज निंबाजीला विचारलं, "काय पाव्हणं, मुलगी कशी आहे स्वभावानं?"

निंबाजी सावरून बसला. "मुलगी गुणी आहे. भाकरी तर अशी करती, की नुसती खावी."

चुलता खूश झाला.

"पण," असं म्हणून निंबाजीनं मान हलवली.

पाहुणे थांबले. पुढं काही येईना. निंबाजी मान हलवतच राहिला. पाहुण्यांनी एकमेकांकडे बघितलं, हातातल्या बशा खाली ठेवल्या आणि चहा न घेताच उठले. चुलता वहाण घेऊन निंबाजीच्या मागं वेशीपर्यंत पळाला.

निंबाजी धापा टाकत हॉटेलात आला. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. बहिणीच्या लग्नाचं त्यांना फारसं वाटलं नाही, मताचं वाटलं.

"अरे, 'पण'बिण म्हणजे कच्चं मत. माणसानं ठाम बोलावं. 'जुनीच बरी हुती. नवीत ती मजा न्हाई.' संपला विषय. समोरचा गारच पडतो बघ."

"कधीही चालतं?"

"कधीही. मी आजवर दुसरं काही बोललोच न्हाई."

"बरं. आता तसंच करतो."

त्याच आठवड्यात पाटलांच्या घरी जेवण होतं. पाटलांची पहिल्या बायकोशी सोडचिठ्ठी झाली होती आणि नवी वहिनी घरात आली होती. पंगत बसली. नवी वहिनी लाजत लाजत जिलेबी वाढत होती. पाटील मिशीवरून हात फिरवत पंगतीतून चालले होते. निंबाजीपाशी थांबून म्हणाले, "काय निंबाजी, कशी काय वाटली आमची मंडळी?"

निंबाजीनं वहिनींकडे नीट बघितलं. जिलेबीचा तुकडा मोडला. मग ठामपणे म्हणाला, "जुनीच बरी हुती. नवीत ती मजा न्हाई."

समोरचा खरंच गार पडला. वहिनींच्या हातातलं ताट खाली पडलं आणि जिलेब्या पंगतभर झाल्या. पाटलांनी निंबाजीला मानगूट धरून पानावरून उठवलं. तेवढ्यात माजघरातून पाटलांच्या आईचा आवाज आला, "खरं तेच बोललं लेकरू." त्यानं प्रकरण जास्तच चिघळलं.

निंबाजी उपाशीच हॉटेलात आला. आक्कानं त्याला बटरचा तुकडा दिला आणि गल्ल्यावरून ओरडली, "अरे बाबा, जे ठावं हाय ते सगळं बोलून दाखवायचं नसतं! आता ही मोहीम घे. शेजारच्या गावानं अजून खेळली न्हाई. त्यांनी विचारलं पुढं काय होतं, तर सांगशील? त्यांची मजा जाईल की. म्हणायचं, 'तुम्ही स्वतःच अनुभवा.' शानी माणसं असंच बोलत्यात."

"कितीबी विचारलं तरी?"

"पाया पडले तरी."

"बरं. आता तसंच करतो."

दोन दिवस मोठा पाऊस झाला आणि ओढ्यावरचा लहानसा पूल मधोमध खचला. निंबाजी पुलाआधीच्या वळणाच्या अलीकडे राणी म्हशीला चारत बसला होता. पूल त्यानं सकाळीच बघितला होता. तेवढ्यात अप्पा कासार स्कूटरवरून आले. मागं भांड्यांचं गाठोडं. बाजाराचा दिवस होता.

"निंबाजी, पुढं रस्ता ठीक आहे का रं?"

निंबाजी उठून उभा राहिला. "अप्पा, तुम्ही स्वतःच अनुभवा."

"म्हंजे? काय झालंय पुढं?"

"ते सांगितलं तर तुमची मजा जाईल."

अप्पांना घाई होती. ते पुटपुटत वळणावरून गेले. पुढं काय झालं ते त्यांनी स्वतः अनुभवलं. स्कूटर चिखलात रुतली, गाठोडं सुटलं, आणि घागरी ओढ्यातून तालुक्याच्या दिशेनं एकट्याच निघून गेल्या. निंबाजीनं अप्पांना ओढून वर काढलं. नव्या मोहिमेत धोकाच नाही, सगळं मिळमिळीत आहे, असं अप्पा रविवारी म्हणाले होते. ओढ्यात ते तसं काही म्हणाले नाहीत. जे म्हणाले ते इथं लिहिता येत नाही.

संध्याकाळी हॉटेलात अप्पा पायाला हळद लावून बसले होते आणि मास्तरांचा पारा चढला होता.

"निंबाजी, तुला मत शिकवलं हीच आमची चूक. आता नीट ऐक. इथून पुढं मोठी माणसं बोलत असली की तोंड उघडायचं नाही. कुणी काही विचारलं तरी नाही. आणि मोठ्या माणसानं काही सांगितलं की मुकाट्यानं ते काम करायचं. कळलं?"

निंबाजीनं तोंड घट्ट मिटलं आणि मान हलवली. तेव्हाच त्यानं सुरुवात केली होती.

रविवारी दुपारी हॉटेलासमोर रिक्षा थांबली. आतून एक बाई उतरल्या. साधी सुती साडी, हातात पिशवी. इंदुमती खरात स्वतः आल्या होत्या.

हॉटेलात एकच धांदल उडाली. आक्कानं टेबल पुसलं. अप्पा लंगडत उठून उभे राहिले. निंबाजी दारात थिजला. ज्या हातांनी राणीचं दार लिहिलं, ते हात त्याला दिसत होते.

बाईंनी पिशवीतून जाड गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. वर हातानं रंगवलेला नकाशा होता. "हा 'राखेची राणी'चा दुसरा भाग," त्या म्हणाल्या. "एकच प्रत आहे. छापायला द्यावा की नाही ते कळत नाहीये. तालुक्यात कानावर येतं की लोकांना पहिला भागच आवडला नाही. घोटवडी म्हणजे दर्दी गाव. म्हटलं, तुम्हालाच विचारावं. तुमच्यातल्या एकाला जरी मनापासून आवडला असेल, तर उद्याच छापायला देते."

मास्तर खाकरले. "ताई, भाषा सुंदर आहे. नकाशे तर अप्रतिम. पण..."

अप्पा म्हणाले, "ताई, तुमच्यासारखं लिवणारं मुलखात न्हाई. तरीबी जुनीच बरी हुती."

आक्का म्हणाली, "मला तर लई आवडली बाई. पण एवढ्या मोठ्या किल्ल्याला एक चूल न्हाई?"

"म्हणजे आवडली नाही," बाई म्हणाल्या.

"आवडली की!" तिघं एकदम म्हणाले. "पण..."

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी दाराकडे बघितलं. "आणि तुम्ही? तुम्हाला कशी वाटली?"

निंबाजीचा ऊर भरून आला. त्याला सगळी मोहीम पाठ होती. अजगर काय बोलतो, राणी कुठल्या पायरीवर बसते, सगळं. नुसतं 'आवडली' म्हणायचा अवकाश होता. पण मोठी माणसं बोलत होती. त्यानं ओठ घट्ट मिटले. बोलता येत नव्हतं म्हणून ते सगळं डोळ्यांतून वाहायला लागलं.

"अहो, यांना तर रडूच आलं!" बाईंना राहवलं नाही. त्यांनी गठ्ठा पुढं ढकलला. "इतकं वाईट लिहिलं का मी? चुलीत घाला मग तो दुसरा भाग!"

"तसं नव्हे ताई," मास्तर म्हणाले, "माझा मुद्दा फक्त ऱ्हस्व-दीर्घाचा..."

"तुमच्या ऱ्हस्व-दीर्घानंच सगळं बिघडलं मास्तर," अप्पा उसळले. "खरा मुद्दा अजगराचा हाय."

"अजगर ऱ्हाऊ द्या, त्याला घालणार काय खायला?" आक्का कडाडली.

तिघांची चांगलीच जुंपली. मोहिमेबद्दल इतक्या जोरात ते मोहीम खेळतानासुद्धा बोलले नव्हते. बाई डोक्याला हात लावून बसल्या. तेवढ्यात आक्कानं नाक वर केलं.

"काहीतरी जळतंय."

सगळ्यांनी वळून बघितलं. निंबाजी भट्टीपाशी उभा होता. गठ्ठ्यातलं शेवटचं पान नीट सरळ करून त्यानं आत घातलं. हातानं रंगवलेला नकाशा एकदा उजळला आणि गेला. निंबाजीनं हात झटकले. डोळे अजून वाहत होते.

मग अप्पा हळूच म्हणाले, "दुसरा भाग पहिल्यापेक्षा सरस असणार बघा."

"शंकाच नाही," मास्तर म्हणाले.

आक्कानं विचारलं, "ताई, त्यात स्वयंपाकघर हुतं?"

"होतं," बाई म्हणाल्या. "मोठं."

आक्कानं पदर डोळ्याला लावला. घोटवडीच्या इतिहासात एखाद्या मोहिमेवर सगळ्यांचं एकमत व्हायची ती पहिलीच वेळ.

मग अप्पांनी निंबाजीकडे अशा आदरानं बघितलं की तसं त्यांनी मास्तरांकडेही कधी बघितलं नव्हतं. "आम्ही नुसतं तोंडानं बोलतो. ह्यानं थेट जाळली! मत असावं तर असं." मास्तरांनी भिंतीकडची खुर्ची ओढून टेबलाला लावली. "बस निंबाजी. आणि आता बोललास तरी चालेल."

निंबाजी खुर्चीवर बसला. दोन्ही हातांनी तिच्या कडा चाचपून बघितल्या. मग इतके दिवस पोटात ठेवलेलं सगळं त्याच्या तोंडून एकदम बाहेर पडलं.

"ताई, मला तुमची मोहीम आवडली. लई आवडली. सगळी पाठ हाय मला. राणी दार लावती, कडी वाजती, तवापासून मला नीट झोप न्हाई. त्या दाराच्या आत पुढं काय हुतं, ताई?"

बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. त्यांनी भट्टीकडे बघितलं, परत त्याच्याकडे बघितलं.

"अहो, मग मघाशी मी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत?"

निंबाजी म्हणाला, "मोठी माणसं बोलत होती ना, ताई."