एकाच प्याल्यातून

गोदावरीकाठच्या एका गावात वीस-पंचवीस ख्रिस्ती घरं होती आणि त्यांचं एक बुटकं, कौलारू चर्च होतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथे प्रभुभोजन असे. द्राक्षारसाचा प्याला एकच, तो हातोहात फिरायचा आणि सगळे त्यातूनच पीत. मनात कुणाविषयी वैर असेल त्यानं मात्र प्याल्याला हात लावायचा नाही, असा जुना रिवाज होता.

गावात सगुणाबाई नावाची सुईण होती. तिचा एकुलता एक मुलगा शांतवन एके दिवशी चर्चच्या भिंतीला चुना लावत होता. मंडळीतलाच मार्कस कोयता घेऊन आला आणि त्यानं शांतवनला तोडलं. भांडण नव्हतं, बांधाची कुरबुर नव्हती. फौजदारानं कारण विचारलं तर मार्कस म्हणाला, "पुढ्यात व्हता." पोटच्या पोराच्या मरणाला धड कारणही मिळू नये, याहून कडू काय असतं?

मंडळी मोठी धार्मिक. आठवडा उलटायच्या आत सगळ्यांनी चर्चमध्ये उभं राहून मार्कसला क्षमा केली. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला ख्रिस्ती माणूसही मागे राहत नाही.

एकटी सगुणाबाई उठली नाही. पाळकसाहेबांनी घरी येऊन समजावलं. ती म्हणाली, 'जशी आम्ही इतरांना क्षमा केली तशी तू आम्हाला कर' या प्रार्थनेत मी 'जशी आम्ही' इथवर येते आणि पुढे जीभ उचलत नाही. बारा वर्षं ती मागच्या बाकावर बसली आणि प्याला न घेता घरी गेली. म्हातारीचं काळीज दगडाचं, असं बायका म्हणायच्या.

तेराव्या वर्षी मार्कस तुरुंगातून सुटला आणि पहिल्याच रविवारी चर्चमध्ये आला. तो बसला ते बाक रिकामं झालं. प्याला फिरत त्याच्याकडे आला, त्यानं घोट घेतला, पण त्याच्या हातून तो घ्यायला कुणी पुढे होईना. कुणाला सर्दी आठवली, कुणाचं पोट बिघडलं. क्षमा सगळ्यांनीच केली होती, पण त्याचं उष्टं चालत नव्हतं.

हातात प्याला धरून एकटा उभा राहिलेला तो माणूस सगुणाबाईनं पाहिला. बारा वर्षं न जमलेली गोष्ट करायला ती उठली.

"तुला पाहून अजून अंगाची आग व्हते," ती त्याला म्हणाली. "या घडीला माफ करते. सांजेपर्यंत टिकंल का नाही, देवाला ठाऊक. नाही टिकलं तर उद्या परत करीन."

तिनं प्याला घेतला आणि ती प्यायली. मार्कस रडला. तिनं त्याचे डोळे पुसले नाहीत, तेवढं तिच्यानं झालं नाही.

पुढच्या महिन्यात मंडळीनं प्रत्येकासाठी वेगवेगळे छोटे पेले आणले. आरोग्यासाठी, असं सांगितलं.

तात्पर्य: दुसऱ्याच्या जखमेवर केलेली क्षमा सोपी असते, म्हणून ती पहिल्याच परीक्षेत पळ काढते, ज्याची जखम त्याची क्षमा उशिरा येते, रोज नव्यानं दुखते, आणि खरी तेवढीच असते.