झोपेवरचा पहारा

माळावर लांडगे फिरत होते तेव्हाची गोष्ट. बिरू धनगराचा झिपऱ्या कुत्रा रात्रभर कळप राखायचा आणि दिवसा झोपायचा. पण हल्ली त्याचा डोळा लागेना. काल तर तो धन्याच्या घोंगडीलाच लांडगा समजून भुंकला. आज खरा लांडगा आला तर?

तो बाभळीखाली पडला. झोप आली का, म्हणून सारखा एक डोळा उघडून बघू लागला.

शेजारी म्हातारी मेंढी रवंथ करत होती. ती म्हणाली, "मेल्या, झोपेवरही पहारा करतोस? ती बिचारी येते आणि तुला बघून पळते."

"मग काय करू, आत्ये?"

"काही करू नकोस. मी चघळते ते ऐकत पड."

झिपऱ्या ऐकत पडला. उठला तेव्हा ऊन कललं होतं.

"आत्ये, झोप आली कधी?"

"तू बघत नव्हतास तेव्हा."