सव्वीस नंबरची जागा

एका तालुक्याच्या गावी एकदा एक वृद्ध क्रीडाशिक्षक राहत असत. निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षे लोटली होती, तरी माध्यमिक शाळेचे खो-खोचे मैदान अजून त्यांच्याच स्वाधीन होते. सकाळी शाळेपूर्वी आणि संध्याकाळी शाळेनंतर ते मैदानावर उभे असत. सारे गाव त्यांना अण्णा म्हणे.

त्यांच्या मुलींच्या संघात तेजल नावाची दहावीतली एक मुलगी होती. पाठलाग करणाऱ्या नऊ जणींना ती एकटी चार-चार मिनिटे झुलवीत असे. शाळेला जिल्ह्याचे अजिंक्यपद कधी मिळाले नव्हते. या वर्षी ते तेजलमुळे मिळेल, असे मुख्याध्यापकांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना वाटत होते.

एके दिवशी अण्णा भर दुपारी मैदान आखण्याची दोरी घ्यायला शाळेत आले. खेळाचे सामान ठेवण्याच्या खोलीत तेजल चटईवर गाढ झोपली होती. वर्ग चालू होते. अण्णांनी तिला उठवले नाही. दोरी घेतली आणि दार हलकेच लोटून घेतले.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी त्यांच्या हाती स्पर्धेचे अर्ज दिले. खेळाडू शाळेत नियमित शिकणारा हवा, त्याची उपस्थिती शेकडा पंचाहत्तर तरी हवी, असा स्पर्धेचा नियम होता. तेजलच्या अर्जावर शेकडा चौऱ्याऐंशी लिहिले होते. आठवड्याने अर्ज जायचे होते. अण्णांनी तो आकडा दोनदा वाचला आणि एवढेच विचारले, की ही मुलगी वर्गात कोठे बसते. मुख्याध्यापक म्हणाले, दहावी ब, खिडकीकडचा तिसरा बाक.

सोमवारी सकाळचा सराव आटोपल्यावर अण्णांनी नळावर पाय धुतले, टोपी सारखी केली आणि घरी न जाता ते दहावी ब च्या वर्गात शिरले. खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावर जाऊन बसले. वर्गशिक्षिका ढगे बाईंनी हजेरी घ्यायला सुरुवात केली. तेजलचा सव्वीस नंबर पुकारताना त्यांनी मान वर केली नाही. इतर दिवशीप्रमाणे त्या खूण करून पुढे जाणार होत्या. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरून जड आवाज आला, "हजर."

वर्ग खळखळून हसला. ढगे बाईंच्या हातातले पेन थांबले. त्याही याच शाळेत शिकल्या होत्या, अण्णांनीच त्यांना धावायला शिकवले होते. अण्णांना उठा म्हणण्याचा धीर बाईंना झाला नाही. अण्णांनी वही उघडली आणि फळ्यावरचे गणित ते मुकाट्याने उतरवून घेऊ लागले. पाच वाजेपर्यंत ते तेथेच होते. संध्याकाळी ते मैदानाकडे फिरकलेच नाहीत.

मंगळवारी तेच. बुधवारीही तेच. आता सकाळच्या सरावालाही ते येईनासे झाले होते. मुली आपल्या आपण धावून, आपसांत भांडून घरी जात. वर्गात मात्र कोणी हसत नव्हते. कोणी म्हणाले, वयोमानाने त्यांना भ्रम झाला असावा. कोणी म्हणाले, शाळेने सत्कार केला नाही म्हणून ते रुसले आहेत. मुख्याध्यापकांनी त्यांना बोलावून विचारले, तर ते नम्रपणे म्हणाले, की जागा रिकामी असते म्हणून आपण बसतो. शाळेला अडचण होत असेल तर तसे लिहून द्यावे. असे काय लिहून द्यायचे, हे मुख्याध्यापकांना सुचले नाही.

सर्वांत अधिक गोंधळली ती तेजल. पहिल्या दिवशी मैत्रिणीने सांगितले तेव्हा तिला ती थट्टा वाटली. दुसऱ्या दिवशी तिने खिडकीतून डोकावून पाहिले. अण्णा नाकावर चष्मा ठेवून भूगोलाचा नकाशा काढीत होते. त्यांनी तिच्याकडे पाहिले आणि पुन्हा नकाशात लक्ष घातले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हेच तिला समजेना. रागावले असते तर तिने पाय धरले असते, पण येथे माफी कशाची मागायची? तिने घरी आईला विचारले. आई म्हणाली, मोठी माणसं उगीच काही करत नाहीत, त्यांनाच जाऊन विचार.

गुरुवारी मधल्या सुट्टीत ती वर्गात गेली. मुले डबे घेऊन बाहेर गेली होती. अण्णा बाकावर एकटेच होते. ती समोर उभी राहिली. मग ती म्हणाली, "अण्णा, तुम्ही माझ्या जागेवर का बसताय?"

"तुझी हजेरी लागते म्हणून," अण्णा म्हणाले. "हजेरीचा पट सांगतो, सव्वीस नंबर वर्गात आहे. बाकावर पाहिलं तर कोणी नाही. पट खोटा पडू नये म्हणून मी बसतो."

तेजल खाली मान घालून म्हणाली, की पहाटेपासून पळून ती थकते, तिला ढगे बाईच म्हणाल्या होत्या की आराम कर, आणि मैदानावर असणे म्हणजे शाळेतच असणे, असे सगळे म्हणतात. मग नियमात बसत असताना चुकले कोठे?

अण्णांनी तिला शेजारी बसायला सांगितले.

"तुझ्या आधी वीस वर्षं इथे शैला नावाची मुलगी होती," ते म्हणाले. "तुझ्यासारखीच पळायची. मी तिचा वर्गशिक्षकही होतो. तिच्या नावापुढच्या खुणा मी माझ्या हाताने केल्या. ती मैदानात असायची आणि मी वर्गात तिला हजर मांडायचो. मला वाटे, मी तिचं भलं करतोय. पुढे पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेसाठी तिला बोलावणं आलं. मैदानी चाचणीत ती पहिली आली. लेखी परीक्षेचा पेपर तिने अर्धा कोरा दिला. बाहेर आल्यावर तिने मला दोष दिला नाही, पोरी. तिने फक्त विचारलं, अण्णा, मी शाळेत होते ना, मग मला हे का येत नाही? या प्रश्नाचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही."

त्यांनी समोरची उघडी वही मिटली.

"हा नियम तुला अडवण्यासाठी केलाय असं तुला वाटत असेल. खेळाच्या ओढीनं का होईना, पोरं शाळेत टिकावीत म्हणून तो केलाय. आम्ही मोठ्यांनी नियम सांभाळला आणि पोरगी सोडून दिली. आता चार दिवस मी तुझ्या जागी बसून पाहिलं. तुझ्याऐवजी मी हजर म्हणू शकतो, फळ्यावरचं उतरवून घेऊ शकतो. पण जे मला समजलं ते तुझ्या डोक्यात घालण्याची विद्या माझ्याजवळ नाही. तेवढं काम तुझं तुलाच करावं लागेल."

"मग मी काय करू?" तेजलने विचारले. "नाव काढून घेऊ?"

"ते मी सांगणार नाही. अर्जावर दोन सह्या लागतात, एक शाळेची आणि एक खेळाडूची. शाळेची कशी झाली ते तुला दिसलंच. दुसरी तुझी आहे."

एवढे बोलून अण्णा उठले आणि वही तिच्या हाती ठेवून निघून गेले.

तेजलला सुटल्यासारखे वाटले नाही. उलट गोंधळ वाढला. सही करावी तर खोटे, न करावी तर अकरा मैत्रिणींचा घात. दोन्हींपैकी एक तरी गोष्ट सरळ बरोबर किंवा सरळ चूक असावी, असे तिला वाटत राहिले. शुक्रवारी ती ढगे बाईंकडे गेली आणि आपली खरी उपस्थिती किती, असे तिने विचारले. बाई म्हणाल्या, की ते त्यांनाही ठाऊक नाही.

दोघी मधल्या सुट्टीत तेजलच्या वह्या घेऊन बसल्या. ज्या दिवशीची तारीख वहीत असेल तो दिवस धरायचा, असे त्यांनी ठरवले. गणिताच्या वहीतली शेवटची तारीख जुलैमधली होती आणि बाहेर दिवाळीच्या सुट्टीची चर्चा चालली होती. सगळ्या वह्या मिळून आकडा शेकडा पन्नासच्याही खाली आला. बाईंनी पट पुढे ओढला आणि एकेक खूण दुरुस्त करून प्रत्येक दुरुस्तीवर आपली सही केली.

तेजलने अर्ज सही न करता परत दिला. मुख्याध्यापकांनी शाळेच्या नावाची गोष्ट काढली, एकाच वर्षाचा प्रश्न आहे म्हणून समजावले, नंतर दुरुस्त केलेला पट पाहिला आणि अर्ज खणात ठेवून दिला. संघाच्या कर्णधार मुलीने तिच्याशी बोलणे सोडले. तू चांगले केलेस, असे तिला कोणी म्हणाले नाही. अण्णाही म्हणाले नाहीत. ते शनिवारपासून पुन्हा मैदानावर गेले आणि राहिलेल्या मुलींना जीव ओतून शिकवू लागले.

संघ जिल्ह्याला गेला आणि दुसऱ्याच सामन्यात थोडक्या गुणांनी हरला.

तो सामना चालू होता त्या वेळी तेजल वर्गात बसली होती. फळ्यावर समरूप त्रिकोण होते. ती डोळे ताणून पाहत होती, पण मन मैदानाकडे धावे आणि परत आले की फळा आणखी पुढे गेलेला असे. आपण बरोबर वागलो की मैत्रिणींना दगा दिला, हे तिला त्या क्षणीही ठरवता येत नव्हते. समोरच्या अक्षरांचा अर्थही लागत नव्हता. दोन्हींपैकी निदान एक गोष्ट विचारता येण्याजोगी आहे, हे तिच्या ध्यानात आले आणि तिने हात वर केला.

"बाई, मला समजलं नाही."

ढगे बाईंनी खडू थांबवला. "कुठपासून?"

तेजलने शेजारणीकडे पाहिले, पुस्तकाकडे पाहिले आणि खरे ते सांगितले, "पहिल्यापासून."

वर्गात कोणीतरी हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी सगळा फळा पुसला, वर धड्याचे नाव लिहिले आणि पहिला त्रिकोण नव्याने काढला. तेजलबरोबर आणखी चार-पाच जणांनी वह्यांची कोरी पाने उघडली.

आपल्या मुलांची नावे आपण पुष्कळ ठिकाणी घालून ठेवतो. पण ‘समजलं नाही’ एवढे म्हणण्यासाठीसुद्धा आधी समोर बसलेले असावे लागते.